नवीन घरगुती सोलर, पहिला पावसाळा आणि "युनिट कमी पडतात" ही चिंता

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. कराडजवळ गावात घरावर मे महिन्यात ३ किलोवॅटचं ऑनग्रिड (महावितरणच्या लाईनला जोडलेलं, बॅटरी नसलेलं) सोलर बसवलं, सुरुवातीला ॲपवर रोज तेरा-चौदा युनिट दिसायचे, जुलैत ते पाच-सहावर आले आणि एका दिवशी तर दोनच पडले. बिल शून्य येईल असं सांगितलं होतं ते आलं नाही. लाईट गेली की सोलर पण बंद पडतं. आणि आता ज्याने बसवलं तोच म्हणतोय की अजून दोन पॅनेल वाढवा म्हणजे प्रश्न मिटेल. तर आपण फसलो का?

मी सातारा, सांगली, कोल्हापूर या पट्ट्यात घरगुती सोलर बसवतो आणि मेंटेनन्सही बघतो, आणि जुलै-ऑगस्टमध्ये मला येणारे बहुतेक फोन याच प्रश्नाचे असतात. तुम्ही सांगितलेल्या माहितीवरून तरी फसवणूक दिसत नाही. सिस्टिम जशी वागायला हवी तशीच वागतीय, फक्त विकताना तुम्हाला वर्षाची सरासरी सांगितली गेली आणि तुम्ही ती रोजची समजून बसलात, यात तुमचा दोष नाही कारण कोणी नीट समजावून सांगतच नाही. सोलरचा हिशोब एप्रिल ते मार्च असा पूर्ण वर्षाचा करायचा असतो, दिवसाचा तर नाहीच नाही, महिन्याचासुद्धा नाही. ही एक गोष्ट डोक्यात पक्की बसली की पुढचं सगळं सोपं होतं, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आपल्या भागात १ किलोवॅटला वर्षाच्या सरासरीने दिवसाला साधारण ४ युनिट धरतात, म्हणजे तुमचे ३ किलोवॅटचे १२. पण ही सरासरी आहे. फेब्रुवारी ते मे स्वच्छ उन्हात तेरा ते पंधरा पडतात, जून अर्धा चांगला अर्धा वाईट, आणि जुलै-ऑगस्टमध्ये कराड-पाटण बाजूला ढग दिवसचे दिवस हलत नाहीत तेव्हा महिन्याचे मिळून दीड-दोनशे युनिट झाले तरी ते ठीक समजायचं. झड लागलेल्या दिवशी दोन-तीन युनिट पडणं हा बिघाड नाही. नंतर सप्टेंबरच्या शेवटापासून चढ सुरू होतो, थंडीत दिवस लहान असले तरी आकाश स्वच्छ असतं त्यामुळे रोजचे अकरा-बारा मिळत राहतात. सगळं मिळून वर्षाला चार हजाराच्या आसपास युनिट झाले तर तुमची ३ किलोवॅटची सिस्टिम चांगली चाललीय असं मी म्हणेन.

आता कोणी विचारेल की मग ढगामुळे कमी आणि बिघाडामुळे कमी हे ओळखायचं कसं? सोपं आहे. दिवसाचे युनिट बघू नका, ऊन पडलेल्या क्षणी त्या वेळचे किलोवॅट बघा. पावसाळ्यातही मधेच तासभर लख्ख ऊन पडतं, अशा वेळी साडेबाराच्या आसपास (आपल्याकडे सूर्य डोक्यावर बाराला नाही, साडेबाराच्या सुमारास येतो) सोलरच्या इन्व्हर्टरच्या (पॅनेलची डीसी वीज घरच्या एसी विजेत बदलणारा डबा) डिस्प्लेवर आकडा बघायचा, २.२ च्या वर दिसला तर पॅनेल, वायरिंग, इन्व्हर्टर सगळं जागेवर आहे. उलट पावसाळ्यातच कधीकधी ३ च्या वर पण आकडा उडी मारतो, पॅनेल थंड असतात आणि ढगांच्या कडेवरून परावर्तित झालेला जास्तीचा उजेड पडतो म्हणून, ते बघून हुरळून जाऊ नका आणि घाबरूही नका. आणि दुसरी चाचणी म्हणजे गावातच कोणाकडे सोलर असेल तर त्याच दिवसाचे त्याचे युनिट त्याच्या किलोवॅटने भागा, तुमचे तुमच्या किलोवॅटने भागा, दोन्ही जवळपास आले तर विषय संपला. गावातलाच दुसरा बघायचा हं, कारण डोंगराच्या एका बाजूला आणि दुसऱ्या बाजूला ढगात जमीनअस्मानाचा फरक असतो, पाटणचे आकडे विट्याशी जुळणार नाहीत.

उन्हाळ्यातही एक प्रश्न येतो, तो आत्ताच सांगून ठेवतो म्हणजे पुढच्या एप्रिलमध्ये तुम्ही काळजीत पडणार नाही. कडक ऊन आहे तर ३ किलोवॅट पूर्ण का दाखवत नाही? कारण पॅनेलवर लिहिलेले वॅट हे पॅनेलचं स्वतःचं तापमान २५ डिग्री असतानाचे असतात. मे महिन्यात दुपारी पॅनेल साठ-पासष्ट डिग्रीला जातो आणि दर डिग्रीला साधारण ०.३ ते ०.४ टक्के क्षमता घटते. म्हणजे ५४० वॅटचे सहा पॅनेल, ३.२४ किलोवॅट, त्यातून उष्णतेचेच बारा-तेरा टक्के गेले, मग धूळ, वायर, इन्व्हर्टर यांचं थोडं थोडं, हातात येतात अडीच-पावणेतीन. हे सगळीकडे असंच असतं. पॅनेलला ऊन हवं असतं, उष्णता नको असते. म्हणून पॅनेलच्या खालून वारा खेळता राहिला पाहिजे, तिथे लाकडं, पत्रे, जुनं सामान रचून ठेवू नका.

सावलीबद्दल मात्र मला तुमची खरी काळजी वाटते. तुमचा सर्व्हे आणि फिटिंग दोन्ही उन्हाळ्यात झालंय. मेच्या दुसऱ्या आठवड्यात कराडला सूर्य दुपारी अगदी डोक्यावर असतो, सावली पायाखाली पडते, त्यामुळे तेव्हा टेरेसवर उभं राहिलं की सगळं मोकळं वाटतं. डिसेंबरमध्ये तोच सूर्य दक्षिणेला झुकतो, दुपारीसुद्धा जेमतेम ४९ डिग्रीवर असतो. पॅनेलच्या पातळीपेक्षा ४ फूट वर आलेल्या पाण्याच्या टाकीची सावली तेव्हा दुपारी साडेतीन फूट आणि सकाळी नऊला आठ-नऊ फूट लांब पडते. पॅनेल एकमेकांना मालिकेत जोडलेले असतात त्यामुळे एका पॅनेलच्या कोपऱ्यावर पडलेली सावली सगळ्या रांगेला थोडंफार मागे ओढते, पॅनेलमध्ये बायपास डायोड असतात (बहुतेक तीन), ते नुकसान कमी करतात पण पूर्ण थांबवत नाहीत. म्हणून डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात एक सुट्टीचा दिवस काढा, सकाळी नऊ, दुपारी बारा आणि चारला वर जाऊन मोबाईलवर फोटो काढा. टाकी, जिन्याची खोली, कठडा, शेजाऱ्याची डिश, केबलवाल्याची वायर, काय काय आडवं येतं ते दिसेल. आणि शेवगा किंवा पपई घराच्या दक्षिणेला असेल तर ती एका वर्षात किती वाढते ते तुम्हाला माहितीच आहे, वेळेवर छाटत जा. टाकीची सावली येत असेल तर टाकी हलवणं पॅनेल हलवण्यापेक्षा कितीतरी स्वस्त पडतं.

आता बिल. "शून्य बिल" हा शब्द मी माझ्या ग्राहकांपुढे कधी वापरत नाही. महावितरणच्या बिलात स्थिर आकार असतो, तो तुम्ही एकही युनिट वापरलं नाही तरी लागतो, सोलर असलं तरी लागतो. आकारलेल्या रकमेवर वीज शुल्कही येतं. सोलर कमी करतं ते फक्त युनिटचं, म्हणजे वीज आकार, वहन आकार, इंधन समायोजन आकार वगैरे जे युनिटवर चालतं ते. त्यामुळे उत्तम चाललेल्या घरात सुद्धा काहीतरी बिल येणारच.

दुसरं म्हणजे ॲपवरचे युनिट आणि बिलावरचे निर्यात युनिट यांचा मेळ बसत नाही म्हणून लोक भांडायला जातात. मेळ बसणारच नाही. पॅनेलवर तयार झालेली वीज आधी तुमच्या घरात जाते, फ्रिज, मोटर, पंखा जे चालू असेल ते पितं, उरलेली बाहेर जाते आणि तेवढीच नेट मीटरवर (आत आलेली आणि बाहेर गेलेली वीज वेगवेगळी मोजणारा मीटर) निर्यात म्हणून नोंदली जाते. म्हणून दर महिन्याच्या १ तारखेला तीन आकडे लिहून ठेवा, भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहिले तरी चालतील: इन्व्हर्टरवरचं एकूण जनरेशन, नेट मीटरवरचं आयात रीडिंग आणि निर्यात रीडिंग. मागच्या महिन्याचे वजा केले की महिन्याचे आकडे मिळतात. मग जनरेशनमधून निर्यात वजा करा आणि आयात मिळवा, आलेलं उत्तर म्हणजे तुमच्या घराचा खरा वापर. समजा जुलैत २१० तयार झाले, ९५ बाहेर गेले, १८० आत आले, तर घराने वापरले २९५. बिल येईल १८० वजा ९५ म्हणजे ८५ युनिटचं. हा घरच्या वापराचा आकडा बिलावर कुठेच छापलेला नसतो आणि माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचा तोच आहे.

कारण सांगतो. सोलर बसलं की घरातल्या सवयी बदलतात. फुकट आहे की, म्हणून एसी जास्त वेळ चालतो, गॅसच्या जागी इंडक्शन येतं, आंघोळीचं पाणी गीझरवर तापायला लागतं, चुलत्याच्या घरी पण एक वायर जाते. दीड टनाचा एसी तासाला साधारण एक ते दीड युनिट घेतो, रात्री आठ तास चालवला तर तुमच्या सिस्टिमचं जवळपास सगळं दिवसाचं काम एका खोलीत संपलं. वर्षभराने माणूस म्हणतो सोलर काही कामाचं नाही, बिल तेवढंच येतंय. मी जाऊन हिशोब मांडतो तेव्हा जनरेशन अगदी बरोबर असतं, वापर दीडपट झालेला असतो. वापर वाढवू नका असं मी म्हणत नाही, घरच्यांना गारवा मिळाला तर चांगलंच आहे, पण तो तुमच्या डोळ्यांदेखत वाढू दे. आणि छतावर आधीचा सोलर वॉटर हीटर असेल तर तो अजिबात काढू नका, पाणी तापवायला त्याच्यासारखं स्वस्त काही नाही.

जास्तीचे युनिट पुढच्या महिन्यात जमा म्हणून ओढले जातात, बिलावर ते मागील शिल्लक असे दिसतात. हे खातं ३१ मार्चला बंद होतं. तेव्हा जे शिल्लक राहील त्याचे पैसे वीज नियामक आयोगाने ठरवलेल्या दराने मिळतात आणि तो दर तुम्ही विकत घेता त्या दरापेक्षा बराच कमी असतो, मग एप्रिलला पाटी कोरी. तुम्ही मेमध्ये चालू केलंत, म्हणजे तुमच्या खात्यात फार काही जमा व्हायच्या आतच पावसाळा आला. जो माणूस ऑक्टोबरमध्ये बसवतो त्याला पहिले सहा महिने सगळं गोड दिसतं, तुमचं उलटं झालं एवढंच. ऑक्टोबर ते मार्च तुमचे आकडे बघून तुम्हालाच बरं वाटेल.

दिवसा कपडे धुवा, दिवसा इस्त्री करा असं सगळे सांगतात. साधं नेट मीटरिंग असेल तर दुपारी बाहेर गेलेलं एक युनिट रात्री आत आलेल्या एका युनिटला फेडतं, त्यामुळे पैशांचा फार फरक पडत नाही. टीओडी मीटर (दिवसाच्या वेळेप्रमाणे वापर वेगळा मोजणारा) असेल आणि बिलात वेळेच्या पट्ट्यांप्रमाणे आकडे वेगळे येत असतील तर कुठल्या पट्टीत किती आत आलं, किती बाहेर गेलं ते बघून मोठी कामं दिवसात ओढा.

पहिल्या एक-दोन बिलांत गडबड होऊ शकते, हे मात्र तपासाच. जुना मीटर काढतानाचं शेवटचं रीडिंग आणि नेट मीटर बसवतानाचं सुरुवातीचं रीडिंग, दोन्हींचे फोटो असतील तर सांभाळून ठेवा. बिलावर निर्यातीचा रकानाच रिकामा आला तर नेट मीटरची नोंद सिस्टिममध्ये चढलेली नाही असं समजून उपविभाग कार्यालयात लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या, तोंडी सांगून येऊ नका. आणि हे वाचणाऱ्यांपैकी ज्यांचं अजून व्हायचंय त्यांना हात जोडून सांगतो, नेट मीटर बसायच्या आधी सिस्टिम चालू करून ठेवू नका. बरेच साधे मीटर वीज आत येतीय की बाहेर जातीय हे बघतच नाहीत, दोन्ही वापर म्हणूनच मोजतात. म्हणजे तुम्ही वीज द्यायची आणि बिलही तुम्हीच भरायचं.

लाईट गेली की सोलर बंद, यावर लोकांचा सगळ्यात जास्त राग असतो आणि तो मला समजतो, एवढं ऊन आहे, एवढे पैसे घातलेत, आणि घरात पंखा बंद. पण हे मुद्दाम केलेलं आहे. लाईन बंद करून वायरमन खांबावर चढलेला असतो, त्या वेळी तुमच्या छतावरून उलटी वीज त्या तारेत गेली तर माणूस जिवानिशी जाईल. म्हणून ऑनग्रिड इन्व्हर्टरला बाहेरची लाईन दिसली नाही की तो स्वतःला तोडतो, आणि लाईट परत आल्यावर काही वेळ लाईन स्थिर आहे का ते बघून मगच जोडतो. ही सोय बंद करून देतो म्हणणारा कोणी भेटला तर त्याला दारातूनच परत पाठवा.

घरात आधीचा इन्व्हर्टर-बॅटरी असेल तर तो आहे तसाच राहू द्या, लाईट गेल्यावर पंखे-दिवे त्याच्यावर चालतील. फक्त सोलरचं आउटपुट त्या इन्व्हर्टरच्या घराकडच्या बाजूला जोडलेलं नाही ना, मीटरकडच्या बाजूला आहे ना, एवढं इलेक्ट्रिशियनकडून एकदा बघून घ्या. जनरेटर लावत असाल तर चेंजओव्हर स्विच असा पाहिजे की जनरेटर आणि सोलर कधीही एकत्र येणार नाहीत. तुमच्याकडे रोज तीन-चार तास लाईट जात असेल तर हायब्रिड इन्व्हर्टर (लाईट गेल्यावर बॅटरीवर घर चालवू शकणारा) आणि बॅटरीचा विचार करा, पण दिवसात अर्धा-पाऊण तास जात असेल तर तेवढ्यासाठी बॅटरीत एवढा पैसा गुंतवावा असं मला वाटत नाही.

याच्याशीच जोडलेला पण लपून राहणारा त्रास म्हणजे व्होल्टेज. भर दुपारी, लाईट असतानाच, इन्व्हर्टर बंद-चालू, बंद-चालू होतो. नियमाप्रमाणे लाईनचं व्होल्टेज ठरलेल्या व्होल्टेजच्या ८० टक्क्यांच्या खाली किंवा ११० टक्क्यांच्या वर गेलं की सोलरला ग्रिडपासून सुटावं लागतं, म्हणजे २३० च्या हिशोबाने २५३ च्या वर गेलं की बंद. दुपारी गावात लोड कमी असतो, तुमचं घर डीपीच्या (गावातल्या ट्रान्सफॉर्मरच्या) अगदी जवळ असेल किंवा एकाच डीपीवर चार-पाच घरांचं सोलर असेल तर व्होल्टेज चढतं. नुकसान नेमकं सगळ्यात चांगल्या उन्हाच्या वेळी होतं आणि ॲपवर दिवसाच्या आलेखात करवतीसारखे दात दिसतात. दात दिसले की इन्व्हर्टरमधली एररची यादी उघडा, ओव्हर व्होल्टेज लिहिलेलं दिसेल.

पण महावितरणकडे जायच्या आधी आपली वायर बघा. इन्व्हर्टर टेरेसवर आणि मीटर खाली रस्त्याच्या बाजूला, अंतर ३० मीटर, आणि पैसे वाचवायला २.५ चौरस मिलिमीटरची वायर ओढलेली असेल तर ३ किलोवॅटच्या १३ अँपिअरला त्या वायरमध्येच जवळपास ६ व्होल्ट खर्च होतात, म्हणजे मीटरवर २४८ असताना इन्व्हर्टरला २५४ दिसतात आणि तो सुटतो. तीच वायर ६ चौरस मिलिमीटरची तांब्याची असेल तर अडीच व्होल्टच्या आतच काम होतं. इतक्या साध्या गोष्टीने कितीतरी घरं वर्षानुवर्षं युनिट गमावतात हे बघून खरंच वाईट वाटतं. वायर बरोबर असून मीटरवरच २५० च्या वर दिसत असेल तर वेळ दिसेल असे फोटो काढून अर्ज करा, ट्रान्सफॉर्मरचा टॅप बदलणं किंवा फेज बदलून देणं हे त्यांच्या हातातलं काम आहे.

स्वच्छतेबद्दल खूप उलटसुलट सांगितलं जातं. पावसाळ्यात बहुतेक काही करायला लागत नाही, फक्त पॅनेलच्या खालच्या कडेला फ्रेमपाशी चिखलाची पट्टी साचते, ती पाऊस धुवत नाही, ती पुसून घ्या कारण खालची सेलची ओळ झाकली गेली तर नुकसान दिसतं तेवढं लहान नसतं. ऑक्टोबरनंतर पंधरा-वीस दिवसांनी एकदा पुरे. तुमच्या बाजूला उसाचा गाळप हंगाम सुरू झाला की कारखान्याची काजळी आणि पाचट पेटवल्यावरची काळी राख येऊन बसते, दव पडलं की ती चिकटते, तेव्हा आठवड्याला एकदा बघा. क्रशर किंवा कच्चा रस्ता जवळ असेल तरी तसंच.

धुवायची वेळ सकाळी ऊन चढायच्या आत. तापलेल्या काचेवर गार पाणी ओतू नका, काच तडकू शकते. बोअरचं जड पाणी असेल तर वाळल्यावर पांढरे डाग पडतात आणि ते काही दिवसांनी निघतच नाहीत, म्हणून नळाचं किंवा साठवलेलं पावसाचं पाणी वापरा, बोअरचंच वापरावं लागलं तर लगेच वायपरने निपटून काढा. काही जण पाणी वाया जायला नको म्हणून आरओ फिल्टरमधून बाहेर टाकलेलं पाणी पॅनेलला वापरतात, हेतू चांगला आहे पण त्या पाण्यात क्षार अजूनच जास्त असतात, ते फरशी पुसायला घ्या. कपडे धुवायची पावडर नको, तारेची घासणी नको, पॅनेलवर पाय तर कधीच नको, काचेला काही होत नाही असं वाटतं पण आत सेलला केसासारखे तडे जातात आणि ते वर्षा-दोन वर्षांनी त्रास देतात. कबुतराची शीट वाळलेली असेल तर त्यावर ओलं फडकं दहा मिनिटं ठेवा मग पुसा. कबुतरं खाली घरटं करायला लागली तर कडेने जाळी मारून घ्या, पण वारा अडेल अशी नको.

आणि धुताना लक्षात ठेवा, एमसीबी पाडला तरी उन्हात पॅनेल बंद होत नाही. सहा पॅनेलच्या मालिकेत अडीचशे-तीनशे व्होल्ट डीसी असतं, दिवसभर, तुम्ही काहीही बंद केलं तरी पॅनेलपासून डीसी बॉक्सपर्यंतच्या वायरीत ते असतंच. त्या वायरीवर कपडे वाळत घालू नका, पोरांना तिथे पतंग अडकला म्हणून हात घालू देऊ नका, आणि जोडणीचे कनेक्टर चालू सिस्टिममध्ये ओढून काढायचा प्रयत्न करू नका, डीसीची ठिणगी तुटता तुटत नाही, हात भाजतो. बंद करायचंच असेल तर आधी एसीचा, मग डीसीचा स्विच, चालू करताना बसवणाऱ्याने सांगितलेल्या क्रमाने.

या पहिल्या पावसाळ्यात अजून काही गोष्टी बघून घ्या. स्ट्रक्चरचे पाय स्लॅबवर जिथे टेकलेत तिथे खालच्या खोलीत छताला ओल आलीय का, आली असेल तर आत्ताच बसवणाऱ्याला बोलवा, पुढच्या वर्षी तो अंगावर घेणार नाही. अर्थिंग तीन वेगळी हवीत, डीसीचं, एसीचं आणि वीजरोधकाचं (आकाशातली वीज जमिनीत नेणाऱ्या दांड्याचं), ती एकाच खड्ड्यात बांधलेली असतील तर वेगळी करून मागा. त्यांचा रोध ५ ओहमच्या आत हवा, आणि तो पावसात नाही तर एप्रिलमध्ये जमीन कोरडी असताना मोजून घ्या, आपल्या मुरमाड-खडकाळ जागेत खरा आकडा तेव्हा कळतो. वळवाच्या विजा झाल्या की एसी-डीसी बॉक्समधल्या सर्ज प्रोटेक्टरच्या (विजेचा अचानक आलेला झटका अडवणाऱ्या भागाच्या) छोट्या खिडक्या बघायच्या, हिरव्याच्या जागी लाल दिसलं तर तो बदलायला झालाय, सिस्टिम चालू राहते म्हणून कोणाच्या लक्षात येत नाही आणि पुढची वीज थेट इन्व्हर्टरमध्ये जाते. त्याच बॉक्समध्ये केबल शिरते ती भोकं बुजवलेली आहेत ना बघा, पाल आणि मुंग्या आत शिरून शॉर्ट करतात, हे आमच्याकडे दर वर्षी होतं. ॲप बंद दिसलं म्हणून लगेच घाबरू नका, बहुतेक वेळा घरातल्या वायफायचा पासवर्ड बदललेला असतो, इन्व्हर्टरचा डिस्प्ले खरा.

कागदपत्रांची एक फाईल करा. पॅनेलचे सिरीयल नंबर (फोटो आहेत का? नसतील तर मागा), इन्व्हर्टरचं वॉरंटी कार्ड, नेट मीटरिंगचा करार, बिल. पॅनेलच्या २५ वर्षांच्या वॉरंटीचं सगळे सांगतात, ती कामगिरीची असते, पॅनेल खराब झाला तर बदलून देण्याची वॉरंटी वेगळी आणि बरीच कमी वर्षांची असते, दोन्ही वेगवेगळं वाचा. तुम्ही पीएम सूर्यघर योजनेतून अनुदान घेतलं असेल तर बसवणाऱ्याने पाच वर्षं देखभाल करणं त्याच्यावर बंधनकारक आहे, ते उपकार म्हणून नाही तर हक्काने मागा.

आता राहिला प्रश्न दोन पॅनेल वाढवायचा. माझं स्पष्ट मत, आत्ता नाही. जुलैचा आकडा बघून क्षमता ठरवणं चुकीचं आहे, कारण जुलै भागवायला जेवढे पॅनेल लागतील ते मार्चमध्ये इतके युनिट देतील की ते ३१ मार्चला कमी दरात जातील. शिवाय बिलातल्या दरांच्या स्लॅबचा विचार करा. महावितरणचे घरगुती स्लॅब १०० पर्यंत, मग ३००, मग ५०० असे चढत जातात. तुमचे सोलर युनिट वजा होतात ते वरच्या महाग स्लॅबमधून, खाली उरतात ते पहिल्या शंभरातले स्वस्त. म्हणजे महागडी वीज तुमच्या आत्ताच्या पॅनेलनी आधीच उडवलीय, नवीन दोन पॅनेल येतील ते सगळ्यात स्वस्त युनिट वाचवायला. अनुदानही १ किलोवॅटला ३०,०००, २ ला ६०,००० आणि ३ किंवा त्याच्या वर कितीही असलं तरी ७८,००० असं आहे, त्यामुळे चौथा किलोवॅट पूर्ण तुमच्या खिशातून. वर तुमचा ३ किलोवॅटचा इन्व्हर्टर सव्वाचार किलोवॅटचे पॅनेल झेपवणार का, दुपारी वरचं सगळं कापून टाकणार का, हा प्रश्न वेगळा, आणि करारातल्या मंजूर क्षमतेपेक्षा जास्त लावायचं तर नवीन अर्ज करावा लागतो, गुपचूप दोन पॅनेल जोडून देतो म्हणत असेल तर तयार होऊ नका.

म्हणून १ तारखेचे ते तीन आकडे आत्तापासून लिहायला घ्या. ऑक्टोबर ते मार्चचे मांडा, मार्चच्या बिलावर शिल्लक किती उरते बघा. शिल्लक उरली तर वाढवायची गरजच नाही. शिल्लक संपून दर महिन्याला दीड-दोनशे युनिट आयात जास्त येत असतील, आणि घरात खरंच एसी किंवा इलेक्ट्रिक स्कूटर येणार असेल, तर एप्रिलमध्ये सविस्तर बोलू, तेव्हा छतावरची डिसेंबरची सावली पण तुमच्याकडे फोटोत असेल आणि नवीन पॅनेल कुठे बसतील ते त्यावरून ठरवता येईल.